नॅचरल ट्वेंटीला मराठीत काय म्हणाल?

वीसपैलू:
दिवाळीच्या सुट्टीत भाचेमंडळींना डंजन्स अँड ड्रॅगन्स शिकवतोय, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन साहसकथा रंगवायची, तेही पूर्ण मराठीतून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ सालचा हा खेळ चालतो तो बोलण्यावर, मग आपल्या भाषेत का नको? डंजनचं 'भुयार' केलं. क्रिटिकल हिटला 'वर्मी घाव' इतका चपखल बसला की नववीतली भाची आता लढाईआधी राक्षसाचं वर्म कुठंय ते विचारून घेते. घोडं अडलंय एकाच ठिकाणी. वीस पैलूंचा फासा ताटात घरंगळतो, २० वर थांबतो, पोरं उड्या मारतात आणि ओरडतात 'नॅट ट्वेंटी!' म्हणजे नॅचरल ट्वेंटी, फाशावर थेट पडलेला सर्वांत मोठा आकडा. तिथे आपला शब्द हवा. 'पूर्ण वीस' सुचवून पाहिलं, कुणाच्या तोंडी बसेना.

कवडी:
'पौबारा' म्हणा की! सारीपाटातलं दान आहे. तीन फाशांपैकी दोनांवर सहा-सहा म्हणजे बारा, तिसऱ्यावर एक म्हणजे पौ.

वीसपैलू:
पण पोबारा करणं म्हणजे पळ काढणं ना?

कवडी:
शब्द तोच. हिंदीवाल्यांनी त्यातलं नशीब उचललं, 'पौ बारह होना' म्हणजे चांदी होणं. आपण वेग उचलला. एका दानात तेरा घरं सुसाट सुटलेली सोंगटी डोळ्यांपुढे आणा, मला तरी अर्थ तिथूनच आलेला वाटतो.

गणितवेडा:
आकडाही जुळतोय बघा. सारीपाटाचे फासे लांबट, चारच बाजूंचे, त्यांवर १, २, ५, ६. तीन फाशांची दानं ६४, त्यांत पौबारा तीनदा. म्हणजे शंभरात साधारण ४.७. तुमच्या वीसपैलू फाशावर २० पडायची शक्यता शंभरात ५. दोन्हीकडे वाट जवळपास सारखीच बघावी लागते!

वीसपैलू:
हे वाचून अंगावर काटा आला. रात्रीच्या डावात लगेच वापरलं. २० ला 'पौबारा', १ पडला की नुसतंच 'पौ'. धाकट्याला सलग दोनदा पौ पडलं, त्याची मशाल विझली, भुयारात काळोख. मग भाचीने फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, टाकला, आणि आतल्या खोलीतून आई विचारत आली, ''पौबारा कुणाला पडलं रे?''