वर्षाला बावन्न पिक्चरचा नेम : तुमचे नियम काय होते अन कुठं मोडले?

गोदाकाठची
परवा परभणीला आईकडं माळा काढला तर पत्र्याच्या पेटीत माझी २०११ची वही निघाली. पहिल्याच पानावर लाल पेनानं 'नियम'. तेव्हा डी.एड. झालेलं, नोकरी नाही, घरचे स्थळं बघायलेले. मी ठरवलं, वर्षात बावन्न पिक्चर. बसस्टँडमागच्या दुकानातून सीडी आणायची, दिवसाला दहा रुपये.

आधी बघितलेला धरायचा नाही. महिन्यातून एक काळा-पांढरा. एक मराठी-हिंदी सोडून. मध्येच सोडलेला मोजायचा नाही. त्याच रात्री तीन ओळी लिहायच्या. अन सहावा नियम निळ्या शाईत, मागून घातलेला : डोळा लागला तर धरायचा नाही, बाबांना विचारायचं.

बाबा खाटेवर पडून सोबत बघायचे. सकाळी चहा घेताना हळूच विचारायचे, "मग, ती शेवटी गाडीत बसली का खाली उतरली?" मी गप बसले की वहीत फुली. वर्षाअखेर एक्केचाळीस खरे, अकरा फुल्या.

यंदा परत धरावं म्हणते. तुमचं सांगा.

निवांत_नांदेड
झोपेचा नियम काढा. त्याच्यासहित माझे पाच पण व्हायचे नाहीत.

बांधावरून
आमच्याकडं थ्री फेज रात्रीची. गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे मोबाइल लिंबाच्या फांदीला टांगायचा अन दारं धरत धरत बघायचा. त्यामुळं माझा नियम एकच, रब्बीत दोन तासांच्या आतलाच पिक्चर. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' असाच बघितला, १९५७चा, ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा एकाच खोलीत. बारा माणसं एका पोरावरून भांडायलेत. इंग्रजी अर्धं डोक्यावरून गेलं, पण बांधाची भांडणं बघितलेल्या माणसाला कोण कधी नरम पडतंय ते कळतंच. ऐन रंगात आला अन दांड फुटला. चिखलात फावडं घेऊन पळालो, आलो तर पिक्चर संपून जाहिरात लागलेली. आता हा सोडलेला का बघितलेला?

गोदाकाठची
@बांधावरून सोडलेला नाही, तुम्हाला सोडून गेलेला 😄

गोलाईचा
माझं ऐका. २०१६ला नियम केला, फक्त थेटरात बघायचे, महिन्याला दोन. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं लातूरला, अन २९ तारखेला 'सैराट' आला. तिकीट मिळायला चार दिवस गेले. इंटरवलला बायकोचा फोन, गल्लीत टँकर आलाय, ड्रम बाहेर काढायला कुणी नाही. समोसा तोंडात धरून निघालो. पुढचं सगळं मित्रानं सांगितलं, शेवटासहित!! आता नियम बघा. मध्येच सोडला म्हणून मोजता येईना, अन आधी बघितला म्हणून परत धरता येईना. आजपर्यंत लटकलेला आहे.

रेवडी
अगाई गं. तो शेवट असा ऐकायचा असतो का! मित्र अजून आहे का?

गोलाईचा
आहे. साडूच झाला नंतर.

औसेकरीण
गोलाईत कुठं हो? माझं माहेर औसा. त्या साली आम्ही भांडी कमी लागावीत म्हणून पत्रावळीवर जेवायलो होतो.

गोलाईचा
मागच्या बाजूला. पत्रावळीचं आमच्याकडं पण तेच.

जुनं_ते
मी दशकाचा नियम केला होता. प्रत्येक दशकातला एक, क्रमानं. सुरुवात १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'नं. तारामती पुरुषानंच केलेली, हे माहीत असूनसुद्धा मी पदराकडंच बघत बसलो, काय सफाईनं सांभाळलाय. मग १९३२चा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच! बायको म्हणाली, याला आधी बघितलेला म्हणायचं का?

निवांत_नांदेड
अन 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण कुठं उरलाय, थोडाच भाग शिल्लक आहे. नियम चारप्रमाणं बाद.

जुनं_ते
मी नाही सोडला, काळानं सोडला. धरा हो.

वाळूक
सासूबाईंचा चातुर्मास बघून मी नियम केला. आठवडा चुकला की पुढच्या आठवड्यात दोन, अन वर्ष संपलं की उद्यापन. शेजारच्या पाच जणींना बोलावलं, धपाटे, दही, शेंगाची चटणी, अन त्रेपन्नावा पिक्चर सगळ्यांनी मिळून. पिक्चर कुणीच बघितला नाही. माझा पण मोडला असता, पण श्रावणात पाऊस लागून बसला अन सगळं शिल्लक भरून काढलं.

रेवडी
वाळूक घालता का धपाट्यात? आमच्याकडं नुसती कोथिंबीर-लसूण.

वाळूक
हो तर. किसून, पिळायचं नाही, त्याच पाण्यात पीठ मळायचं. सवडीनं वेगळं लिहिते, कुकर झाला.

दरवाजांचं_शहर
मला भांडायचंय. जानेवारीत अजिंठा-वेरूळ महोत्सवात मी चार दिवसांत चौदा बघितले अन मार्चपर्यंत मोकळा झालो. ग्रुपवर सगळे म्हणले चीटिंग. काहून? 'लगान' एकटा २२४ मिनिटांचा, तो तुम्ही एकच धरता. तिथं कुणी तक्रार करत नाही. पण दीडच्या स्पीडनं बघणारे आहेत ना, त्यांना मात्र वहीतूनच काढा.

निवांत_नांदेड
मी दीडनं बघतो. कळवतो फक्त.

औसेकरीण
आमच्या लहानपणी रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक पिक्चर लागायचे. कन्नड, बंगाली, काय येईल ते. भाषा कळायची नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पुसायची. तरी बसायचो. नियम एकच, लाइट गेली की उठायचं.

गोदाकाठची
हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले, त्या अकरातल्या चार वेळा ते पण झोपले होते. फुली तरी मारली!

जुनं_ते
म्हणजे पंचेचाळीस झाले तुमचे.

गोदाकाठची
मी पण तेच म्हटलं. ते म्हणले, झोपलीस तर होतीसच ना.

बांधावरून
लाइट आली. मोटार टाकून येतो, माझा निकाल लावून ठेवा.