इम्पल्सचं (वस्तुमान गुणिले वेगातला बदल) उत्तर १.६ येतंय, पुस्तकात ८ दिलंय??

अकरावी_कोथरूड: १६० ग्रॅमचा बॉल २० मीटर/सेकंदने येतो, बॅट्समन तो ३० ने सरळ परत मारतो. मी ३० वजा २० केलं, ०.१६ ने गुणलं, १.६ आलं. क्लासमध्ये विचारायची लाज वाटते, उद्या टेस्ट आहे, कोणीतरी सांगा प्लीज

पेठेतला_मास्तर: अरे दिशा विसरलास की! येणारा बॉल +२० धरलास तर जाणारा −३०. मग −३० − २० = −५०, गुणिले ०.१६ म्हणजे −८ न्यूटन-सेकंद. मायनस म्हणजे फक्त उलटी दिशा, घाबरू नको. आधी बॉल थांबवायचा आणि मग उलटा पळवायचा, दोन्ही कामं बॅटच करते ना, म्हणून बेरीज होते. आणि ग्रॅमचे किलो केलेस ते बरं केलंस, निम्मी पोरं तिथेच गचकतात.

अकरावी_कोथरूड: ओह्ह कळलं! पुढे फोर्स विचारलाय, वेळ ०.०१ सेकंद

सारसबाग_इलेव्हन: फोर्स म्हणजे इम्पल्स भागिले वेळ, ८ भागिले ०.०१, ८०० न्यूटन. पण हा सरासरी हां, फोर्स-वेळेचा ग्राफ त्रिकोणी दिला असेल तर त्याचं क्षेत्रफळ म्हणजे इम्पल्स, मग टोकाचा फोर्स दुप्पट, १६००. कॅच घेताना हात मागे का नेतात तेही यातच आलं, वेळ वाढला की फोर्स कमी, आम्ही हे बोटं सुजवून शिकलो 😅