शब्दचर्चा : घड्याळाची चावी, किल्ली की मुकुट?

मनगटकर : मंडळी, एका स्मार्टवॉचच्या ॲपचं मराठीकरण करतोय. कडेच्या गोल फिरत्या बटणाला इंग्रजीत ‘क्राउन’ म्हणतात. आधीच्या माणसाने चक्क ‘मुकुट फिरवा’ लिहून ठेवलंय! मी ‘चावी फिरवा’ केलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणतात चावी कुलपाची असते. एका ओळीत जेमतेम दहा-बारा अक्षरं मावतात. काय लिहू?

जुनाकाटा : चावीच. आमचे वडील रोज झोपण्याआधी एचएमटीला चावी द्यायचे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून, हाताला घट्ट लागेपर्यंत. आणखी अर्धा फेरा दिला की आई आतून ओरडायची, ‘स्प्रिंग तुटेल हो!’ त्याला मुकुट म्हणणारा माणूस अजून भेटायचाय.

पेठकर : आमच्याकडे घड्याळाला किल्ली देत. चावी पोर्तुगिजांची, किल्ली आपली.

जुनाकाटा : मग दाराला कुलूपही लावू नका. ते अरबी ‘कुफ्ल’ उलटंपालटं होऊन आलंय.

मनगटकर : ‘चावी’ आणि ‘किल्ली’ दोन्ही लिहून पाहिलं. दुखणं भलतंच निघालं. ‘फिरवून बंद करा’ मधला ‘वू’चा ऊकार खालून छाटला जातो आणि पडद्यावर दिसतं ‘फिरवन बंद करा’. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेली. वेलांटी-उकारांचा विचारच नाही.

चाफेकळी : मुळात ‘वेअरेबल’ला, म्हणजे अशा अंगावर वागवायच्या यंत्राला तरी काय म्हणणार? ‘परिधानीय संगणक’ वाचून मला पैठणीचं दुकान आठवलं. मराठीत ‘वेअर’ असं एक क्रियापदच नाही. साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो, गजरा माळतो.

पेठकर : आणि घड्याळ बांधतो. पट्टा असतो म्हणून.

चाफेकळी : आमच्याकडे घड्याळ घालतात. बांधतात ती गाय.

जुनाकाटा : यातला पहिला संगणक तर अंगावर लपवलेला आणि त्याची कळ बुटात! १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञांनी रूलेटसाठी, म्हणजे फिरत्या चक्रावर चेंडू टाकून खेळायच्या जुगारासाठी केलेला. चक्राचा वेग पायाच्या अंगठ्याने कळ दाबून टिपायचा, चेंडू कुठे पडेल याचं उत्तर कानात सुरांनी यायचं. चक्राचे आठ भाग, आठ सूर. पडदा नाही, त्यामुळे ऊकार छाटायची सोयच नाही.

मनगटकर : वा! पण उद्या संध्याकाळी फाइल द्यायची आहे. चावी की किल्ली?

पेठकर : नुसतं ‘क्राउन’ लिहून मोकळे होऊ नका, एवढंच सांगतो.

जुनाकाटा : का नको? बटणाला तुम्ही बटणच म्हणता ना? का गुंडी?

पेठकर : गुंडी सदऱ्याची हो. ते सोडा. चाफेकळीताई, गजरा माळतात हे पटलं, पण वेणी?

चाफेकळी : केसांची असेल तर घालतात, फुलांची असेल तर माळतात.