आधी आसरा की आधी चौकशी? पवित्र शास्त्र काय सांगतं

कोवळं ऊन
रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जोरात वाद झाला. जीव वाचवायला देश सोडून आलेल्या एका कुटुंबाला मंडळीच्या दोन रिकाम्या खोल्या द्यायच्या का, एवढाच प्रश्न. आधी कागदपत्रं बघू, मग ठरवू, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मला ते पटलं नाही. का, ते इथे मांडते.

परक्याला आसरा देणं म्हणजे पुण्यकर्म, मन झालं तर करावं, असं आपण धरून चालतो. बायबलच्या जुन्या करारात मात्र तो नियमशास्त्राचा भाग आहे. लेवीय १९:९-१० मध्ये पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका आणि खाली पडलेलं वेचू नका असं सांगितलंय, कारण ते गरिबाचं आणि परक्याचं. म्हणजे त्या कडेच्या पिकावर मालकाचा हक्कच नाही. त्याच अध्यायात पुढे येतं की परक्याला स्वदेशीयासारखं वागवा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. अनुवाद या पुस्तकातलं २४:१७ तर सरळ न्यायाबद्दलच बोलतं: परक्याचा आणि अनाथाचा न्याय विपरीत करू नका.

आणि अनुवाद २३:१५-१६. धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत त्याच्या हवाली करू नका, तुमच्या ज्या गावी त्याला बरं वाटेल तिथे राहू द्या. गाव कोणतं ते ठरवणार पळून आलेला माणूस! आज १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराचं ३३ वं कलम सांगतं की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत धाडू नये. आपल्या शास्त्रात त्याच्याही पुढचं लिहिलेलं आहे आणि आपण दोन खोल्यांवर अडून बसलोय.

तराजू
ताई, तळमळ समजते, पण वचनं निवडून वाचू नका. मूळ हिब्रूत 'परका' एकच नाही. 'गेर' म्हणजे इस्राएलात येऊन राहिलेला, तिथले नियम मानणारा. 'नोख्री' म्हणजे बाहेरचा. अनुवाद १५:३ प्रमाणे नोख्रीकडून कर्ज वसूल करता येतं, भाऊबंदाकडून नाही. म्हणजे शास्त्रालाही फरक मान्य आहे.

दुसरं, यहोशवा ९ वाचा. गिबोनी लोक ठिगळ लावलेले जोडे, फाटके बुधले आणि बुरसटलेली भाकर घेऊन आले, फार दुरून आलो म्हणाले. इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांनी परमेश्वराला न विचारता त्यांना जिवंत ठेवण्याचा करार केला. तीन दिवसांनी कळलं की ते शेजारचेच. चौकशी न करता दार उघडलं की असं होतं. खोल्या मंडळीच्या आहेत, सगळ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत. माझ्या घरात कोणाला घ्यायचं ते मी ठरवीन, पण दुसऱ्याच्या पैशानं मी दयाळू कसा होऊ?

पाठक
तराजू, गिबोनींची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. फसवणूक उघड झाल्यावरही इस्राएलानं त्यांना मारलं नाही, शपथ पाळली. त्यांना लाकूडतोडे आणि पाणके केलं, हेही खरं, आणि ते मला बोचतं. पण पुढे २ शमुवेल २१ मध्ये तीन वर्षं दुष्काळ पडतो. कारण? राजा शौलानं त्याच गिबोनींची कत्तल केली होती. खोटं बोलून मिळवलेला आसरासुद्धा मोडलेला देवाला चालला नाही.

गेर आणि नोख्री हा फरक आहेच. पण रूथ २:१० काढा. मवाब देशातून आलेली विधवा रूथ शेतमालक बवाजापुढे पालथी पडून म्हणते, मी परकी असून माझी दखल का घेतलीत? तिथे तिनं स्वतःला लावलेला शब्द 'नोख्री'चंच स्त्रीलिंगी रूप आहे. बवाज तिची वर्गवारी करत बसत नाही. कापणाऱ्यांना सांगतो, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिला लाजवू नका, आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं ओढून तिच्यासाठी टाका. मला हे 'लाजवू नका' फार मोठं वाटतं. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून धान्य तिच्या हाती न देता वाटेत सांडायला सांगणारा माणूस!

तराजू
बवाजाचं शेत बवाजाचं होतं. माझा मुद्दा तिथेच आहे. आणि रोमकरांस १३ चं काय? अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं पौल लिहितो. शिवाय हातून नकळत खून झालेल्यानं पळून जायची आश्रयाची सहा नगरं तरी कुठे बिनाचौकशीची होती? जाणूनबुजून खून करणाऱ्याला तिथून बाहेर काढून हवाली करायचं, असा स्पष्ट नियम होता. न्यायाशिवाय दया म्हणजे पुढच्या बळीवर अन्याय.

कोवळं ऊन
हे शेवटचं वाक्य मला मान्य आहे. चौकशी नको असं मी म्हणतच नाही. माझं भांडण क्रमाशी आहे. यहोशवा २०:४ सावकाश वाचा. पळून आलेला वेशीत उभा राहतो, वडिलांना आपली हकीकत सांगतो, ते त्याला नगरात घेतात, राहायला जागा देतात. मंडळीपुढे न्याय होतो तो नंतर, आणि तोवर तो आतच असतो. वेशीबाहेर सूड घेणारा उभा आहे, म्हणून आधी आत घ्यायचं. शिवाय ही नगरं परक्यांसाठीही होती, गणना ३५:१५. आपण काय करतोय? त्या कुटुंबाला वेशीतच उभं करून कागद मागतोय.

पाठक
रोमकरांस १३ बद्दल एकच. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ल शांबाँ गावचे पाळक आंद्रे त्रोक्मे आणि गावकरी यांनी पळून आलेल्या ज्यूंना घराघरांत लपवलं. तेही रोमकरांस १३ वाचणारेच होते. त्यातल्या बहुतेकांचे पूर्वज छळ सोसलेले प्रॉटेस्टंट होते. 'तुम्हीही परके होता' हे त्यांना घरच्या आठवणीतून कळत होतं.

नदीकाठ
मी कोणाच्याच बाजूनं नाही. आम्ही एका कुटुंबाला चार महिने घरी ठेवलं होतं. त्यांची आजी रोज चपला उशाशी ठेवून झोपायची, पिशवी भरलेली, बंद बांधलेले. पहिल्या आठवड्यात मंडळीतले सगळे भेटून गेले, भांडी, पांघरुणं, खाऊ. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात सोबत जायला एकही माणूस मिळेना. मी थकले, चिडलेही. त्यांच्यावर चिडले, याची आजही लाज वाटते. तुम्ही दार उघडायचं की नाही यावर भांडताय. नंतरच्या दिवसांची नावं कोण देणार ते आधी लिहून काढा.

तराजू
नदीकाठ, हे मनाला लागलं. क्रमाचा मुद्दाही मी नीट वाचला नव्हता, कबूल करतो. वर्गणीचा पैसा सगळ्यांना विचारूनच वापरावा, यावर मात्र मी ठाम आहे आणि सभेत तेच बोलणार. पण सभा होईपर्यंत त्या लोकांनी बाहेर का राहावं, याला माझ्याकडे उत्तर नाही. दवाखान्यासाठी माझं नाव लिहा. मंगळवार आणि शुक्रवार.

नदीकाठ
आजी चपला पलंगाखाली ठेवायला लागली ती अकराव्या आठवड्यात. तोवर मंगळवार-शुक्रवार टिकवा.