हनुवटीच्या जखमेला टाके लागतील का?

प्रश्न (खानापूर): आज सकाळी सासऱ्यांना शस्त्रक्रियेसाठी बेळगावला नेण्याच्या गडबडीत माझा सहा वर्षांचा मुलगा दगडी पायरीवर पडला आणि त्याची हनुवटी फुटली, दारात गाडी उभी होती, सासूबाई रडत होत्या, आणि मला हळद दाबण्यापलीकडे काहीच सुचले नाही. रक्त थांबले आहे, पण जखमेच्या कडा उघड्या दिसतात.

उत्तर (निपाणी): ताई, कडा उघड्या असतील तर आजच डॉक्टरांना दाखवा, कारण उशीर झाल्यास जंतुसंसर्गाची भीती वाढते. यापुढे हळद भरू नका. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवून, स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबून धरावी आणि मध्ये उघडून पाहू नये.

उत्तर (बेळगाव): लसीकरणाचे कार्ड सोबत न्या, कारण धनुर्वातापासून संरक्षण देणारा बूस्टर ५ ते ६ वर्षांच्या वयात असतो. तोंड उघडताना दुखत असेल तर तेही आवर्जून सांगा, जबड्याला मार लागलेला असू शकतो.

प्रश्नकर्ती: दाखवून आले, तीन टाके पडले. कार्डावर बूस्टरची जागा कोरीच होती, तोही दिला. टाके घालताना त्याने माझ्या पदराचे टोक मुठीत धरले होते, ते अजून सोडलेले नाही. आपणा दोघांचे मनापासून आभार.