मदत हवी आहे: पॅचमध्ये फील्ड आलंच नाही की नल आलं, हे कसं ओळखायचं?

मंडळी, फास्टएपीआय (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पायडँटिक २ (आलेला डेटा तपासणारी लायब्ररी) वर एपीआय आहे. पोस्टचं (नवी नोंद करणाऱ्या रिक्वेस्टचं) व्हॅलिडेशन सुरळीत चालतं, घोडं पॅचवर (असलेल्या नोंदीतली काही फील्ड्स बदलणाऱ्या रिक्वेस्टवर) अडलंय.

प्रोफाइलमध्ये नाव, फोन, जन्मतारीख. पॅचमध्ये कुठलंही फील्ड वगळता यावं म्हणून तिन्ही ऑप्शनल ठेवली, डीफॉल्ट नन (पायथनमधलं 'काही नाही'; जेसनमधला नलही इथे ननच होतो). वेब क्लायंट फक्त बदललेलं फील्ड पाठवतो आणि फोन काढून टाकायचा असेल तर फोनमध्ये नल पाठवतो. मॉडेलच्या ॲट्रिब्यूटमध्ये मात्र दोन्ही वेळा ननच दिसतं. नन दिसलं की सोडून द्यायचं ठरवलं, तर फोन कधीच पुसला जात नाही. ननही लिहायचं ठरवलं, तर नुसतं नाव बदलणाऱ्याचा फोन उडतो.

त्यात डेटाबेसात नावाचा कॉलम नॉट नल आहे, म्हणजे तिथे नल चालत नाही. नावात नल आलं की व्हॅलिडेशन गप्प, डेटाबेस ओरडतो आणि क्लायंटला ४२२ (पाठवलेला डेटा चुकीचा) ऐवजी ५०० (सर्व्हरची चूक) जातो. चूक पाठवणाऱ्याची, आळ सर्व्हरवर!

आरएफसी ७३९६ या मानकातल्या जेसन मर्ज पॅचप्रमाणे नल म्हणजे काढून टाका, फील्ड नाही म्हणजे हात लावू नका, एवढंच हवंय. कच्चं जेसन उघडून एकेक की शोधता येईल, पण मग पायडँटिक ठेवायचं कशाला?

प्रतिसाद १
माहिती हरवत नाही, तुम्ही चुकीच्या जागी बघताय. खरोखर आलेल्या फील्डांची नावं मॉडेलच्या 'मॉडेल_फील्ड्स_सेट'मध्ये असतात. 'मॉडेल_डम्प'ला 'एक्सक्लूड_अनसेट' ट्रू द्या: न आलेली फील्ड्स गळतात, मुद्दाम पाठवलेला नल राहतो. तेवढंच अपडेटला द्या.

नावासाठी टाइप नुसता स्ट्रिंग ठेवा, डीफॉल्ट मात्र नन. विचित्र दिसतं, मायपाय (टाइप तपासणारं साधन) कुरकुरेलही, पण पायडँटिक एरवी डीफॉल्ट तपासत नाही. त्यामुळे नाव वगळलं तर चालतं, नल आला तर ४२२.

प्रतिसाद २
सोबत मॉडेलच्या सेटिंगमध्ये 'एक्स्ट्रा'ला 'फॉरबिड' लावा, म्हणजे अनोळखी फील्ड आलं की एरर येईल. नाहीतर फील्डच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ते मुकाट टाकून दिलं जातं: २०० (यशस्वी) येतो, बदललेलं काहीच नसतं. असला बग शोधताना जीव जातो. फोन दुसऱ्या कुणाचा आहे का, हे मात्र मॉडेलमध्ये तपासत बसू नका. तपासणी आणि अपडेट यांच्या मध्ये दुसरी रिक्वेस्ट घुसू शकते. डेटाबेसात फोनवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच फोन दोनदा नाही, असा नियम) ठेवा, तो मोडला की ४०९ (कॉन्फ्लिक्ट) द्या.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! नावाची युक्ती लागू पडली, ४२२ येतोय. पण आमचं मोबाइल ॲप न बदललेल्या फील्डांतही नल भरून पाठवतं. याला सर्व्हरवर काही इलाज?

प्रतिसाद १
नाही. दोन्ही नल रिक्वेस्टमध्ये सारखेच दिसतात. ॲपवाल्यांना न बदललेली फील्ड्स बॉडीतून वगळायला सांगा. तोवर जुन्या ॲपसाठी फोन पुसायचा वेगळा डिलीट एंडपॉइंट द्या आणि त्याच्या पॅचमधले नल सोडून द्या.