तेच वाक्य, दर खेपेला वेगळं

अनेकदा म्हटलं जातं की अलंकारांची नावं ओळखता आली की नाटकाचा अभ्यास झाला. मला हे पटत नाही. शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकाच्या तिसऱ्या अंकातली, सीझरच्या खुनानंतरची दोन भाषणं शेजारी ठेवून वाचा. सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणून त्याला मारलं, असं सांगणारा ब्रूटस गद्यात बोलतो, तोलूनमापून, विरोधाची दोन टोकं समोरासमोर मांडत. तोही प्रश्न विचारतो, पण उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं. सीझरचा मित्र अँटनी मात्र पद्यात बोलतो. ब्रूटस सन्माननीय आहे, हे साधं विधानार्थी वाक्य तो पुन्हापुन्हा उच्चारतो आणि मध्येच सीझरबद्दल विचारतो, ही महत्त्वाकांक्षा होती का? शब्द तेच, अर्थ हळूहळू उलटा होत जातो. एकदा मोठ्याने वाचून बघाच; चौथ्या खेपेला 'सन्माननीय' म्हणताना आपलाच आवाज बदललेला असतो.